म्हातारा टॉम आणि २५ यू.पी.

मागचे तीन वीकेंड रिलीजने खाल्ले, त्यामुळे लिहिणं झालं नाही. आज रविवार, प्रॉडक्शन शांत आहे, बाहेर दुपारी चारलाच अंधार पडलाय आणि समोर टेबलावर ३३० मिलिलिटरची एक रिकामी बाटली आहे. बाटलीवर एका बोक्याचं तोंड. बिअरचं नाव ओल्ड टॉम. आज हिचं परीक्षण लिहायचं असं आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. रंग, वास, चव, शेवटी दहापैकी गुण, असं सगळं साग्रसंगीत. पण ग्लास भरून बसलो आणि अर्ध्यातच बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यामुळे परीक्षण काही सरळ रेषेत झालेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

दुसरा खुलासा म्हणजे मी कुणी बिअरतज्ज्ञ वगैरे नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला बिअरचे दोनच प्रकार माहीत होते, माइल्ड आणि स्ट्राँग. माइल्ड म्हणजे पाच टक्क्यांच्या आतबाहेर आणि स्ट्राँग म्हणजे आठच्या आसपास. स्ट्राँग घ्यायची, कारण तेवढ्याच पैशात जास्त चढते. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते ती स्ट्राँगच, आणि कारणही बहुतेक हेच असावं. ती इतकी गार करायची की चव लागताच कामा नये. चव लागली तर प्रॉब्लेम आहे :-)

इंग्लंडला आल्यावर पहिला धक्का बसला तो या माइल्डवरून. इथल्या जुन्या भाषेत माइल्ड म्हणजे सौम्य नव्हे, तर ताजी, नुकतीच तयार झालेली. आणि तिच्या विरुद्ध टोकाला स्ट्राँग नसून 'ओल्ड' असते, म्हणजे ठेवलेली, मुरलेली. अठराव्या शतकात तिला 'स्टेल' म्हणायचे. आज स्टेल म्हणजे शिळं, पण तेव्हाच्या पबमध्ये ही शिळी बिअर ताजीपेक्षा महाग विकली जायची! कारण उघड आहे. कुणीतरी ती महिनोन्महिने लाकडी पिंपात सांभाळलेली असायची, जागा अडवलेली असायची, पैसे अडकवलेले असायचे. अनेक गिऱ्हाइकं दोन्ही एकत्र करून मागायची, थोडी ताजी, थोडी जुनी. आपण लोणच्याच्या बाबतीत करतो तसंच. जुनं मुरलेलंही हवं आणि नव्याचा करकरीतपणाही हवा.

हे सगळं मला सांगितलं आमच्या टीममधल्या एका टेस्टरने. साठीला आलेला गृहस्थ. ज्या विमा प्रणालीचं आम्ही मायग्रेशन करतोय, ती तिच्या लहानपणापासून त्याने बघितलेली आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेलं सगळं त्याच्या डोक्यात असतं, म्हणून आम्ही देशी पोरं आपापसात त्याला 'आजोबा' म्हणतो. तर या आजोबांनी नोव्हेंबरमध्ये एका शुक्रवारी मला स्टॉकपोर्टच्या बाजाराजवळच्या एका जुन्या पबमध्ये नेलं. मी राहतो स्टॉकपोर्टलाच. मँचेस्टरच्या दक्षिणेला, ट्रेनने दहा-बारा मिनिटं. गावावरून विटांचा एक अवाढव्य रेल्वे पूल जातो, १८४० सालचा, २७ कमानींचा. मी रोज त्याच्यावरून ऑफिसला जातो आणि रोज आपल्या सह्याद्रीतल्या घाटातल्या पुलांची आठवण येते.

पबमध्ये मी सवयीने पिंट मागायला गेलो, तर आजोबांनी हात धरला. "हिचा अर्धाच घ्यायचा," म्हणाले. अर्धा म्हणजे २८४ मिली. मला वाटलं, माझ्या पाकिटाची काळजी करतायत. पहिला घोट घेतला आणि कळलं. ही बिअर गटागटा पिताच येत नाही. घशाशी गेली की ती स्वतःच थांबवते.

ओल्ड टॉमची गोष्ट छान आहे. विल्यम रॉबिन्सन नावाच्या माणसाने १८३८ साली स्टॉकपोर्टमधलं 'युनिकॉर्न इन' घेतलं. त्या घराण्याची पुढे ब्रुअरी झाली. १८९९ साली तिथल्या हेड ब्रुअरने, आल्फ्रेड ह्यूज त्याचं नाव, आपल्या कामाच्या वहीत एका कडक बिअरची कृती लिहिली आणि शेजारी ब्रुअरीतल्या बोक्याचं तोंड काढून ठेवलं. ब्रुअरी म्हटली की धान्य आलं, धान्य आलं की उंदीर आले आणि उंदीर आले की बोका आलाच. बिअरला नाव बोक्याचंच मिळालं, म्हातारा टॉम. बोका कधीच गेला, ह्यूजही गेला, पण बाटलीवर बोक्याचं तोंड अजून आहे. कामाच्या वहीत कंटाळून चित्र काढणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप आपुलकी वाटते. आमच्या कोडमधल्या कॉमेंटी वाचल्यात तर कळेल का ते.

ओल्ड एल म्हणजे इतकीच ताकद हवी, असा काही नियम नाही. यॉर्कशरच्या मॅशम गावातली थिकस्टनची 'ओल्ड पेक्यूलियर' ५.६ टक्क्यांची, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम माइल्डच्या वर. ओल्ड टॉम ८.५ टक्क्यांची. आकडा आपल्या स्ट्राँगचाच, पण नातं काही नाही. पूर्वी या बिअर लाकडात मुरायच्या तेव्हा त्यांना एक वेगळाच आंबूस, चामड्यासारखा वास यायचा. तो कशाचा, ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ साली जाहीर केलं. इंग्लिश बिअरमध्ये सावकाश वाढणारं एक निराळंच यीस्ट त्याला सापडलं होतं. त्याने नाव ठेवलं 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश बुरशी. इंग्रजांना कुणीतरी असं अधिकृत नाव ठेवलेलं वाचून मला जरा बरंच वाटलं. आजच्या ओल्ड टॉममध्ये तो आंबूसपणा नाही. पण मुद्दा कळला असेल. या घराण्याच्या बिअरमध्ये माल्ट, हॉप्स, पाणी, यीस्ट यांच्याइतकाच महत्त्वाचा पाचवा घटक असतो, तो म्हणजे वेळ.

आता परीक्षण सुरू करण्याआधी घरचं थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचा कॉल कळणार नाही.

माझे बाबा केमिस्ट होते. आमच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत. १९९० ला लागले, २०२२ ला निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी दारू मोजली आणि एक थेंब कधी जिभेला लावला नाही. लहानपणी एकदा त्यांच्या लॅबमध्ये गेलो होतो. तिथे मखमल लावलेल्या लाकडी पेटीत एक पितळी यंत्र होतं, खाली फुगा आणि वर चौकोनी दांडी, सोबत छोटी छोटी वजनं. साइक्सचा हायड्रोमीटर. स्पिरिटमध्ये सोडायचा, कुठपर्यंत बुडतो ते वाचायचं, तापमान बघायचं आणि तक्त्यात ताकद शोधायची. इंग्लंडने हे यंत्र १८१६ च्या कायद्याने आपल्या अबकारी खात्यासाठी नेमलं, आणि इंग्रजांच्या मागे मागे ते आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. इंग्लंडने १९८० मध्ये ती पद्धत सोडून सरळ टक्के धरले. आपण अजून बाटलीवर '२५ यू.पी.' छापतो.

यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे, अंडर प्रूफ. जुन्या इंग्रजी मापात 'प्रूफ' म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. (दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर ती प्रूफ, असं त्याचं मूळ सांगतात. मराठीत दोन्हीला दारूच म्हणतात, हे आपलं बरं आहे.) त्याच्या २५ टक्के खाली म्हणजे ४२.८. आपली देशी दारू ही २५ यू.पी. असते. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ७७ मिली निव्वळ अल्कोहोल. हे गणित मला आठवीतच येत होतं. केमिस्टच्या घरात अशी गणितं पाढ्यांसारखी होऊन जातात.

आठवीत येत होतं याला दुसरंही एक कारण आहे. माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. हौशी माणूस. मला ट्रॅक्टरवर मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचा. कारखान्याच्या गेटच्या पलीकडे देशीचं सरकारमान्य दुकान होतं. काकाचा रोजचा एक क्वार्टर होता. मग दोन झाले. मग मोजणं संपलं. २००९ मध्ये काका कावीळ होऊन गेला, एकेचाळीस वर्षांचा होता. दहाव्याला नदीवर एक लांबचे नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले की सख्खा भाऊ गाळत होता आणि सख्खा भाऊ पीत होता. बाबांनी मान वर केली नाही. आणि तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला ते कामावर गेले, कारण सीझन चालू होता आणि घरात आता त्यांच्या एकट्याच्या पगारावर सातजण होते.

पुण्याला हॉस्टेलवर सोडायला आले तेव्हा बाबांनी एकदाच विचारलं होतं, "तू घेत नाहीस ना?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा ते खरं होतं. पुढच्या सेमिस्टरला खरं राहिलं नाही. पण प्रश्न परत आला नाही आणि उत्तर बदलायची वेळही आली नाही. दहा-अकरा वर्षं ते उत्तर तसंच चाललंय. आमच्या लेगसी कोडमध्ये असे व्हेरिएबल असतात. कुणीतरी कधीतरी एक व्हॅल्यू लिहून ठेवलेली असते, ती चुकीची आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात कुणी लावत नाही.

असो. तर बाटली.

बाटल्या मी दोन आणल्या होत्या. एक आज प्यायची, दुसरी दोन वर्षं ठेवायची आणि मग दोन्हींच्या नोंदी जुळवून बघायच्या, असा बेत. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर बिअर जास्त बदलते, पण एवढ्या ताकदीची काळसर बिअर नुसती अंधारात, गार जागी उभी ठेवली तरी हळूहळू बदलते. कडूपणा मागे सरतो, सुक्या फळांचा गोडवा पुढे येतो, शेरीसारखा वास धरतो. थोडक्यात, ही घाई नसलेल्या माणसांची बिअर आहे.

ही फ्रिजमधून काढून लगेच प्यायची नसते. मी तासभर आधी बाहेर काढून ठेवली. बारा-तेरा अंशांना ती बोलायला लागते. ग्लास मोठा हवा आणि अर्धाच भरायचा, म्हणजे वास कोंडून राहतो.

रंग: लांबून काळी. ग्लास दिव्यासमोर धरला की कडेला लालसर, आमसुलाच्या पाण्यासारखा. वर फिकट तपकिरी फेस, फार नाही, पाच मिनिटांत तो कडेला गोल कडं करून बसला.

वास: इथे मी थांबलो, चांगला दोन-तीन मिनिटं. इंग्लिश परीक्षणांत 'ट्रीकल' असा शब्द येतो. मला ट्रीकल माहीत नाही, माहीत आहे ती काकवी. थंडीत गुऱ्हाळावर गेल्यावर काहिलीच्या कडेला रस आटून जो काळसर थर धरतो, तो खरवडून हातावर घेतल्यावर येणारा वास. त्याच्यामागे खजूर, काळ्या मनुका आणि अगदी मागे भाकरीचा करपलेला पापुद्रा. हा करपटपणा खरपूस भाजलेल्या माल्टचा.

चव: पहिल्यांदा गोड लागते, पण गोड राहत नाही. घोटाच्या मध्यावर चॉकलेटसारखा कोरडा कडूपणा येतो आणि गोडवा तिथेच अडवतो. मग मिऱ्यासारखी हलकी तिखट कड, आणि गिळल्यावर छातीत आल्याच्या काढ्याची ऊब. चव जिभेवर इतकी रेंगाळते की पुढच्या घोटाची घाईच होत नाही. आजोबा म्हणाले होते ते पटलं. मी घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटांत जेमतेम चौथा हिस्सा संपला होता.

शेवट, असं मी लिहिलं आणि फोन वाजला.

भारतात रात्रीचे नऊ वाजून गेलेले. आई-बाबांचा रविवारचा कॉल. आईने नेहमीचं विचारलं, जेवलास का, थंडी किती आहे, घरात हीटर लावतोस का बिलाच्या भीतीने बसतोस. मग फोन बाबांकडे गेला. बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ते मागे काय आहे? मांजराचं चित्र?"

"सॉस आहे" हे शब्द अगदी तोंडात आले होते. खोटं सांगत नाही. चटणी, सॉस, खोकल्याचं औषध, तिन्ही पर्याय डोक्यात एका सेकंदात येऊन गेले. पण काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बिअर आहे, बाबा."

बाबा काही बोलले नाहीत. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतोय?" बाबा म्हणाले, "काही नाही, कामाचं बोलतोय." मग स्क्रीनवर छत, दार, पडवीचा दिवा असं सगळं हललं. बाबा बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"किती टक्के?"

मला वाटलेल्या शंभर प्रश्नांत हा नव्हता. म्हणालो, "साडेआठ."

"म्हणजे सुरुवातीला वीसएक ब्रिक्स असणार." बाबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आमचा वॉशसुद्धा आठ-साडेआठलाच यायचा. चांगला आंबला तर."

हे मला सुचलंच नव्हतं. डिस्टिलरीत मळी पातळ करून, यीस्ट घालून जे आंबवतात त्याला वॉश म्हणतात. तो उकळून त्याचं स्पिरिट काढतात. त्या वॉशची ताकद आणि माझ्या ग्लासातल्या टॉमची ताकद एकच होती! दोन्हीकडे साखर, यीस्ट, पाणी. तिथपर्यंत दोघे सख्खे भाऊ.

"किती तास आंबवतात?" बाबांनी विचारलं.

"तास नाही, दिवस. आणि मग ठेवतात."

"ठेवतात? कशाला?"

"मुरायला. चवीसाठी."

बाबा हसले. "आमचा टँक छत्तीस तासांच्या वर गेला तर साहेब बोलावून घ्यायचे. चव म्हणे." थोडं थांबून म्हणाले, "वास कसा आहे?"

मी वरचं सगळं वाचून दाखवलं. काकवी म्हटल्यावर त्यांनी मध्येच अडवलं. "मळी का काकवी? नीट सांग." फरक बारीक नाही. काकवीत उसाचं सगळं असतं. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर राहिलेलं, तिला गंधकाची झाक असते. मी परत ग्लास नाकाशी नेला. "काकवी. गुऱ्हाळावरची."

"मग चांगली असणार," बाबा म्हणाले. "बत्तीस वर्षं मी मोजली. वास घेऊन बिघाड ओळखायचो. पण चांगला वास कसा असतो ते कधी कुणी विचारलं नाही." आणि मग, त्याच आवाजात, "कधीपासून घेतोस?"

"कॉलेजपासून. कमीच. पण..." इथे थांबता आलं असतं. "पण गेल्या हिवाळ्यात जरा जास्त झालं होतं."

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, इथे लिहितानाही हात जड होतोय. इथला माझा पहिला हिवाळा. सकाळी अंधारात जायचं, संध्याकाळी अंधारात यायचं, घरात कुणी नाही, आणि सुपरमार्केटात चार कॅनचा पॅक पाण्याच्या भावात. नोव्हेंबरच्या शेवटापासून ते फेब्रुवारी संपेपर्यंत, रोज. चव कशी होती विचाराल तर आठवत नाही. आठ वाजता पहिला उघडायचा आणि झोप येईल तिथपर्यंत पोचायचं, एवढंच. एकदा सकाळी रिसायकलिंगचा डबा बाहेर ओढताना कॅनचा असा खणखणाट झाला की समोरच्या बाई खिडकीत आल्या. त्या आठवड्यात मी बंद केलं. झालं बंद. पण ते सहज सुरू झालं होतं आणि मला कळलं नव्हतं, ही भीती काही गेली नाही.

"जास्त म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"रोज चार कॅन."

"कॅन किती एमएलचा?"

"चारशेचाळीस."

"टक्के?"

"पाच."

पलीकडे क्षणभर शांतता. बाबांचा गुणाकार मी त्यांच्या चेहऱ्यावर बघू शकत होतो.

"अठ्ठ्याऐंशी," बाबा म्हणाले. "क्वार्टरमध्ये सत्त्याहत्तर असते."

मी इंजिनिअर आहे. हे गणित मला आठवीपासून येतं. आणि तीन महिने रोज रात्री मी ते केलं नाही. बिअर होती ना, देशी थोडीच होती. काका पत्र्याच्या शेडमध्ये बसून प्यायचा, मी सोफ्यावर बसून नेटफ्लिक्स बघत होतो. आकडा मात्र काकाच्या वर होता.

मला वाटलं आता बाबा ओरडतील. मला ते चाललं असतं. पण ते बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्याला मी खूप ओरडलो. घराबाहेरसुद्धा काढलं होतं एकदा, तुला आठवत नसेल. पण बसवून विचारलं नाही कधी, की बाबा रे, रोज किती, कधीपासून, कशासाठी. मोजमाप करणारा माणूस मी. घरातलं मोजलं नाही."

मी काही बोललो नाही. काय बोलणार? एवढंच सुचलं की, "त्यात तुमचं काय होतं, बाबा. तुम्ही नसता तर दुसरा केमिस्ट असता." बाबा म्हणाले, "ते मला कळतं. कळून काय होतं?" मग विषय बदलल्यासारखं म्हणाले की आता डिस्टिलरीतला बराच माल इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो. देशात २०२५ मध्ये मिश्रण वीस टक्क्यांवर गेलं. "गाड्या पितात आता. बरं झालं. गाडीला घरदार नसतं."

"आज किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ही एकच. अठ्ठावीस एमएल." (३३० चे ८.५ टक्के. आज मात्र मी गणित आधीच केलं होतं. इथल्या सरकारी हिशेबात १० मिली म्हणजे एक युनिट, म्हणजे ही बाटली २.८ युनिट. २०१६ पासून इथे स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असा सल्ला आहे. गेल्या हिवाळ्यात माझे आठवड्याला जवळपास बासष्ट होत होते.)

"आणलीस किती?"

"दोन. दुसरी ठेवायची आहे. दोन वर्षं."

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. आवाजात थट्टा होती की काय होतं, फोनवर कळलं नाही. "बघू ठेवता येते का तुला." आणि मग आईने दार उघडलं आणि आम्ही थंडीबद्दल बोलायला लागलो.

फोन ठेवल्यावर उरलेली बिअर मी सावकाश संपवली. आता परीक्षण पूर्ण करायला हवं.

शेवट: लांब. ग्लास तळाशी आला तोवर बिअर खोलीच्या तापमानाला आली होती, आणि तेव्हाच ती सगळ्यात चांगली लागली. काकवी मागे गेली, खजूर पुढे आला, आणि पोर्ट वाइनसारखा एक जडसर, उबदार गोडवा उरला. एक बाटली, एक तास चाळीस मिनिटं. कशाबरोबर घ्यावी? जुनं, खारट चीज चालेल. फरसाण अजिबात नको, मिरचीने सगळं मरतं. गार करून कधीच नको. आणि ज्या दिवशी कुठेतरी पोचायची घाई असेल त्या दिवशी तर नकोच. त्यासाठी ही बिअर चुकीची आहे. खरं म्हणजे त्यासाठी कुठलीच बरोबर नाही.

गुण: दहापैकी साडेआठ. टक्क्यांशी जुळलं हा योगायोग.

दुसऱ्या बाटलीला मी पांढरी चिकटपट्टी लावून आजची तारीख लिहिली आणि ती कपाटात, तांदळाच्या डब्यामागे उभी ठेवली. हे लिहीत असताना बाबांचा व्हॉट्सॲप मेसेज आलाय. एरवी त्यांच्याकडून सुप्रभात आणि शेतीविषयक व्हिडिओ येतात. आज फक्त एक ओळ आहे: "दुसऱ्या बाटलीचा फोटो दर रविवारी पाठवणे."

ऑफिसच्या पत्रातली भाषा. बत्तीस वर्षांची सवय. पहिला फोटो आत्ताच पाठवला.